सासूबाईंची शेवभाजी

पायाचं ऑपरेशन झालं आणि सासूबाई दीड महिना पलंगावर होत्या. तेव्हा त्यांना टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांची गोडी लागली. पाय बरा झाला, गोडी गेली नाही. आमच्या नेकनूरच्या घरी दुपारी कुणी आलं, तर त्याला पाणीसुद्धा जाहिरात लागल्यावरच मिळायचं.

त्यांचा अभ्यास दांडगा होता. "ही पोरगी आज जाती बघ," त्या म्हणायच्या.

"कावून?"

"रडली न्हाई. रडतो तो पुढच्या आठवड्यात असतोच. चवीचं आपल्याला काय कळतंय, आपण कुठं चाखतोय?"

अशात बीडच्या एका महिला मंडळाने टीव्हीसारखीच स्पर्धा ठेवली. पदार्थ घरून करून आणायचा, तिथे पाच मिनिटांत ताटलीत मांडायचा, आणि तीन परीक्षक चाखणार. सासूबाईंनी घरच्या येसर मसाल्याची आमटी केली आणि आम्ही दोघी एसटीत बसलो. मांजरसुंबा जवळ आलं, गतिरोधकावर गाडी उडाली, डब्याचं झाकण निघालं आणि आमटी थेट ड्रायव्हरच्या दिशेने निघाली.

"मावशी, गाडीतच सयपाक मांडला का?" कंडक्टर ओरडला.

मी म्हटलं, परत जाऊ. सासूबाई मांजरसुंब्याला उतरल्या आणि समोरच्या धाब्यात शिरल्या.

"शेवभाजी बांधा. शेव येगळी द्या."

"येगळी कावून?" धाबेवाल्याने विचारलं.

"मऊ पडती."

मी तोंड उघडायच्या आत रस्सा आमच्या डब्यात गेलासुद्धा.

हॉलमध्ये त्यांनी पांढऱ्या ताटलीत चमच्याने रस्सा गोल पसरला, मधोमध कडब्याच्या गंजीसारखी शेव रचली आणि दोन बोटांनी कोथिंबिरीचं एकच पान वर ठेवलं. मग मान तिरकी करून बघितलं, अगदी टीव्हीतल्यासारखं. तिघांतल्या एका परीक्षक बाईंनी घास घेतला, डोळे मिटले.

"मावशी, ही चव कुठून आणली?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पुढचं माझ्या ध्यानात आलं आणि मी वर पंख्याकडे बघायला लागले.

"माझ्या सासूचा मसाला हाय, बाई. जाताना माझा हात धरून सांगितला."

माझ्या आजेसासूबाई त्या वेळी घरी दुधात भाकरी कुस्करून खात होत्या. ठणठणीत.

परीक्षक बाईंचे डोळे भरून आले. बायकांनी वह्या काढल्या. सासूबाईंनी आयुष्यात शेवभाजी केली नव्हती, पण कृती मात्र न अडखळता सांगितली. मूठभर कारळ भाजायचं, सुकं खोबरं लालबुंद करायचं, शेवटी सुपारीएवढा गूळ. मी कोपराने ढोसलं, तर आणखी दोन लवंगा वाढवल्या.

दुसरा नंबर आला. पहिली आलेली बाई हुंदके देऊन रडली होती.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "आत्याबाई, पाप लागंल."

"कशाचं? भाजी त्याची, मांडणी माझी. टीव्हीत मार्क मांडणीलाच असत्यात."

चार दिवसांनी आमच्या गल्लीत नुकतीच राहायला आलेली एक बाई वाटी घेऊन आली. तीही त्या दिवशी हॉलमध्ये होती. "तुमी सांगितल्यावानी केली. चाखा बरं."

सासूबाईंनी एक घास घेतला. मग दुसरा. मग भाकरीच्या तुकड्याने वाटी पुसून काढली. त्याआधी मी कसाबसा एक घास मिळवला होता. धाब्याच्या भाजीपेक्षा ही चांगली होती, शंकाच नको.

"कशी हाय?" बाईने विचारलं.

"बरी हाय," सासूबाई म्हणाल्या.

ती दाराबाहेर पडली, तशी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "मी कारळ किती सांगितलं व्हतं गं?"

"मूठभर."

"आन् लवंगा?"

"दोन."

"लिहून घे," त्या म्हणाल्या. मी कॅलेंडरचं मागचं पान फाडून लिहायला बसले.