सपाट उंबरा

"पाडा! सगळे उंबरे पाडा! आत्ताच्या आत्ता!" शरणअण्णा ओरडत होता, आणि पहिला हातोडा त्यानंच घातला होता. त्या आवाजानं बिदरच्या किल्ल्यावरची पारवं उडून थेट आमच्या भालकीत येऊन बसली, असं मी शंभर ठिकाणी सांगितलंय. हे सगळं तिथून शंभर किलोमीटरवरच्या कलबुर्गीत घडलं होतं, हे कळलं की लोक हसतात. अण्णाही हसायचा... दीड महिन्यापूर्वी तो गेला. सकाळचा चहा कपातच राहिला. फोनवर वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचे मित्र उठंनात." आयुष्यभर थापा मी मारल्या, त्या दिवशी मात्र वाटलं, ही थाप दुसऱ्या कुणीतरी मारलेली असावी.

अण्णा घरांचे नकाशे काढायचा, मी सिमेंट-सळया पुरवायचो. अर्धी भालकी त्यानं बांधली. उरलेल्या अर्धीनं त्याच्याशी भांडून दुसऱ्याकडून बांधून घेतली. मग कलबुर्गीचं काम आलं. कॅन्सरचे उपचार चालू असलेली लेकरं आईबापांसोबत काही महिने राहतील, अशा खोल्या दवाखान्याजवळ बांधायच्या होत्या. अण्णा रिकाम्या जागेवर खाट टाकून दोन दिवस आडवा पडला. आजारी लेकराला पडल्या पडल्या काय दिसतं, ते बघायचं म्हणे! मग खिडक्या गुडघ्याइतक्या खाली आल्या, म्हणजे उशीवरून रस्ता, बस, म्हशी दिसाव्यात. प्रत्येक आईला वेगळा ओटा, कारण आजारी लेकरू परक्या हातचं वरण खात नाही. आणि प्रत्येक खोलीला चार बोटं उंच सागवानी उंबरा.

"उंबरे नकोत, मुलं अडखळतील," दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बाई, उंबरा न्हाई ते घर न्हाई, बसस्टँड हाय. लेकरू घरी यायलंय, फलाटावर न्हाई."

मीही अण्णाच्या बाजूनं जोरजोरात मान हलवली. ती हललेली मान मला अजून खुपते.

लेकरं राहायला आल्यावर पंधराच दिवसांत संतपूरची भाग्या त्या उंबऱ्याला अडखळून पडली. सात वर्षांची पोर, औषधांनी केस गेलेले, पायांच्या काड्या झालेल्या. ओठ फुटला, आणि अशा लेकरांचं रक्त लवकर थांबत नाही. तिला पुन्हा दवाखान्यात ठेवलं. अण्णा दोन दिवस दवाखान्याबाहेर पायरीवर बसून होता, न जेवता. तिसऱ्या दिवशी ती खोलीवर परतली आणि त्यानं हातोडा उचलला.

सगळे उंबरे गेले. शुक्रवारी भाग्याची आई हळदीकुंकवाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. "अण्णा, आता कुठं लावू?"

अण्णा मान खाली घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी शहाबादी दगडाच्या पट्ट्या घेऊन आला आणि प्रत्येक दारात जमिनीच्या पातळीत बसवल्या. इतक्या सपाट, की मुंगीलाही ठेच लागू नये. वर नियम काढला : पट्टी पाय उचलूनच ओलांडायची. तिथं असला की दारात खुर्ची टाकून बसायचा आणि गरजायचा, "पाय उचल! घरात यायलीस तू!" लेकरं गुडघा हनुवटीला लावायची आणि खिदळायची. बरी होऊन गावी जाताना भाग्यानं तर असा पाय उचलला, की चप्पल थेट चिटगुप्पा गावात जाऊन पडली असेल...

परवा गेलो होतो. अण्णाची खुर्ची दारात तशीच. त्याच्या बसण्यानं एका अंगाला कललेली. मी तिच्यावर बसलो नाही. बाजूला उभं राहून त्याच्या आवाजासाठी कान देत राहिलो, तेवढ्यात तपासणीसाठी आलेली भाग्या दिसली. आता दोन वेण्या आहेत तिला. दारात आली, पट्टीवर हळदीकुंकू होतं, तिनं गुडघा उचलला आणि आत पाऊल टाकलं.

"भाग्या, अण्णा गेले गं. आता कुणी वरडत न्हाई. कामून पाय उचलायलीस?"

तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडं.

"उंबरा हाय की तिथं."