सगळे म्हणा

आमच्या मराठीच्या बाई कुणावर कधी ओरडल्या नाहीत. मुलुंडमधल्या आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कुणी मराठी बोलताना चुकलं, की त्या खडू खाली ठेवायच्या, हसायच्या आणि वर्गाकडे वळून म्हणायच्या, "सगळे म्हणा." मग अख्खा वर्ग ते वाक्य दुरुस्त करून एका सुरात म्हणायचा. चुकणाऱ्यानं तोवर उभं राहायचं. "चारचौघांत सुधारलेली चूक पुन्हा होत नाही," असं त्यांचं ठाम मत. आम्ही त्यांचं नावच 'सगळे-म्हणा' ठेवलं होतं.

सगळ्यांत जास्त मी उभी राहायचे. घरी आजोबा माझ्याशी मालवणीत बोलायचे. तोंड उघडलं की तीच बाहेर पडायची. "यार, आज पण तुझाच कोरस," शेजारची तन्वी कुजबुजायची. हळूहळू मी तोंड उघडणंच सोडलं. बाईंना वाटलं, मी सुधारले.

जीव होता त्यांचा माझ्यावर. मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवून त्या मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. म्हणून त्यांचा धड रागही करता येत नाही.

सातवीत पालकसभेला आजोबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी विचारलं, "बाई, माज्या नातीक जमता मां सगळा?"

बाई हसल्या. ते हसू मला ठाऊक होतं.

"नातीला म्हणायचं, आजोबा. घरी तुम्ही असं बोलता, म्हणून ही इथे अडखळते. म्हणा बघू नीट."

रांगेतले पालक हसले. आजोबांनी हात जोडले. "होय बाई," म्हणाले, आणि खरंच म्हणून दाखवलं.

घरी जाताना ते एवढंच बोलले, "माज्याशी बोलून तुजे मार्क जातले गो." त्यानंतर ते माझ्याशी मालवणीत बोलले नाहीत. दुसरं काही त्यांना मोकळेपणानं बोलता येत नव्हतं.

दहावीला मराठीत मी शाळेत पहिली आले. बाईंनी माझी हनुवटी धरून सगळ्या स्टाफरूमला सांगितलं, "हिची मराठी मी घडवली."

ते खरंच आहे.

गेल्या वर्षी आजोबा हॉस्पिटलमध्ये होते. त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, पण ते नर्सशीसुद्धा मालवणीत गप्पा मारायचे. मला त्यांच्याशी तसंच बोलायचं होतं. शब्द घशापर्यंत आले, आणि मागे अख्खा वर्ग उभा आहे असं वाटलं.

"आजोबा, पाणी हवं आहे का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलता बोलता थांबले आणि हात जोडले.

"होय बाई," म्हणाले.