हो न म्हणालेल्या बायका

डस्टर माझ्या कपाळावर बसलं. खडूची भुकटी डोळ्यांत गेली. मग नाकावरून रक्त ओघळलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली महिन्याची मीटिंग होती. डस्टर फेकणारे डॉक्टरसाहेब पुण्याचे, आमचे वरिष्ठ. आम्ही वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्या नर्सबाया शाळेतल्या पोरींसारख्या बाकांवर. ऐंशीनंतरची वर्षं ती. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला आणि प्रत्येक नर्सला नसबंदीच्या केसेसचं टार्गेट. दोन महिने माझ्या नावापुढे शून्य होतं.

"घरात चार पोरं आणि इथे शून्य," साहेब म्हणाले. "पोपचं टार्गेट पूर्ण केलंस. आमचं कधी करणार?"

सगळे हसले. राखेच्या बुधवारी आम्ही ख्रिस्ती कपाळावर राख लावून घेतो, हे माझ्या शेजारच्या नर्सला माहीत होतं. खडूने पांढरं झालेलं माझं कपाळ बघून ती म्हणाली, "आज राखेचो बुधवार काय गो तुमचो?" पुन्हा हसले.

साहेबांनी फळ्यावर शुक्रवारच्या शिबिराखाली पहिलं नाव माझं लिहिलं. "केस आणली नाहीस तर टेबलावर तू झोपायचंस. पाद्र्याची परवानगी मी आणतो."

मी पदराने रक्त पुसलं. हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मी नाही म्हटलं नाही. शुक्रवारी कोणाला न्यायचं, ते शोधायला लागले.

शनिवारी एसटीने मी मालवणच्या किनाऱ्यावर घरी जायची. रविवारी इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, मीसची प्रार्थना. कुमसार करताना, म्हणजे पापं कबूल करताना, फादर म्हणायचे, हे काम पाप आहे. सोमवारी साहेब म्हणायचे, हे देशाचं काम आहे. मी दोघांनाही मान डोलवायची. नवरा रापणीचं जाळं ओढायला जायचा, समुद्र देईल ते खायचो. माझी नोकरी सरकारी होती.

याद्या करणं मला जमायचं. अजूनही जमतं. कोणाला मुलं किती, दिवस कोणाला गेलेत, घरात भांडायला कोण आहे, सगळं रजिस्टरमध्ये. त्यातून मी आतल्या एका वाडीतली बाई निवडली. नवरा मुंबईला, जाताना ऑपरेशनच्या कागदावर अंगठा देऊन गेलेला. सासू नाही, दीर नाही. म्हणून तीच. माझ्या यादीत तिची तीन मुलं होती. खरी दोन. धाकटी पावसात तापाने गेली होती. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम खोडली नव्हती. तीन असली की केस पक्की. मेलेलं पोर मी यादीत जिवंत ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी जीप घेऊन गेलो. ड्रायव्हर, शिपाई आणि मी. जीपचा आवाज ऐकून बाई काजीच्या बागेत पळाली. मीच तिला पकडलं. मनगट पिरगाळून ओढत आणलं. बांगड्या फुटल्या, काचा दोघींच्याही हातात घुसल्या. ती मला चावली. मी तिच्या थोबाडीत मारली.

"माजा चेडू मेला गो!" ती किंचाळली. "माका आजून एक पोर व्हया! सोड माका!"

शिपायाने तिचे पाय धरले. आम्ही तिला उचललं. तिची दोन पोरं दारात उभी राहून बघत होती. रडतही नव्हती.

तिने ओरडणं थांबवलं. माझ्या गळ्यातल्या खुरसाकडे, क्रुसाकडे, बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "तू देवाक मानतंस मा? माका कोणी इचारल्यान?"

दिवसातून तीनदा आम्ही एक प्रार्थना म्हणतो. देवदूत मारियेकडे येतो, तुझ्या पोटी देवाचा पुत्र येणार असा निरोप सांगतो, ती होकार देते. लहानपणापासून तोंडपाठ. काजीच्या त्या बागेत मला ती पहिल्यांदा कळली. देवदूत जीप घेऊन आला नव्हता. देवाला सगळं शक्य होतं, तरी बाईच्या पोटाची गोष्ट म्हटल्यावर तो तिच्या तोंडच्या शब्दासाठी थांबला. साहेब थांबत नव्हते. पाप म्हणणाऱ्या फादरनीही या बाईला काय हवं ते कधी विचारलं नव्हतं. आणि मी, दोघांची माणूस, तिचं मनगट धरून उभी.

मी हात सोडला. "सोड तिका," शिपायाला म्हटलं.

तो हसला. "मगे टेबलार तू झोपतलंस?"

त्याने पाय सोडले नाहीत. मी इंजेक्शनचा स्टीलचा डबा त्याच्या बोटांवर हाणला. दुसऱ्यांदा हाणला तेव्हा त्याने सोडलं. बाई पोरांना घेऊन घरात शिरली आणि आतून कडी घातली.

शिबिरात मी रिकाम्या जीपमधून उतरले. साहेबांनी माझा दंड धरला आणि टेबलाकडे ढकललं. खरंच झोपवणार होते की नुसता तमाशा करणार होते, मला माहीत नाही. मी त्यांचा हात झटकला. सगळ्यांसमोर म्हटलं, "पुन्हा हात लावलात तर मोडीन. जी बाई स्वतःच्या तोंडाने हो म्हणेल तिला मी आणीन. जी नाही म्हणेल तिच्या दारात जीप नेणार नाही."

मेमो मिळाला. बदली झाली. पगारवाढ अडवली. कुमसारात फादरना सांगितलं तर म्हणाले, "हो म्हणणारीलाही नेऊ नकोस. नोकरीच सोड." मी म्हटलं, "फादर, मी सोडली तर माझ्या जागी येणारी जीप घेऊन येईल." त्यांनी मला पापमुक्ती दिली नाही. मी उठून आले. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच इगर्जेत गेले, पुढच्या बाकावर बसले.

त्या बाईच्या आधीच्या वर्षांत मी ओढून नेलेल्या सतरा जणी होत्या. एकेकीच्या घरी जायचं ठरवलं. पहिली भात झोडत होती. मी म्हटलं, "मी तुला धरून नेलं. तुझा होकार नव्हता. मला माहीत होतं."

तिने भाताची पेंढी माझ्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. मी हात वर केला नाही.

"चालती हो," ती म्हणाली. "माफी मागूक इलंस तर ती मिळाची नाय."

माफी मागायला मी गेलेच नव्हते. माझ्या हाताने झालेलं माझ्या तोंडून तिला ऐकवायला गेले होते. दुसऱ्या रविवारी मीस सुटल्यावर एसटी धरली आणि दुसरीच्या दारात जाऊन उभी राहिले. सतराही जणींच्या दारात मी उभी राहणार. त्यांनी काय मारायचं ते मारावं.