मोर्णेत सोडलेले तांदूळ

मोटेचं पाणी पाटातून वांग्यांच्या वाफ्यांकडे निघालं की ती आमच्या मळ्यात यायची. अकोल्याबाहेर निर्वासितांची छावणी नुकतीच पडली होती, तिथली सिंधी बाई. पाटाशी बसून ओंजळभर तांदूळ आणि साखर पाण्यात सोडायची आणि दाण्यांसोबत काठाकाठानं चालत राहायची. डोळे मिटले की अजून ते ऊन दिसतं, तिची फिकट ओढणी आणि पाण्याखाली सरकणारे पांढरे दाणे. पुढे वाफ्यात पाणी मुरायचं आणि दाणे काळ्या मातीवर उघडे पडायचे. ती त्यांच्याकडे बघत उभी राहायची. चिमण्यांची मात्र चंगळ व्हायची.

ते तांदूळ पाहून आमच्या लोकांत कुजबुज सुरू झाली. अनोळखी बाई मुक्यानं पाण्यात तांदूळ टाकते म्हणजे करणीच, दुसरं काय! शेजारच्या मळ्यातल्या काकूनं बाबांना बजावलं, हिला येऊ देऊ नका, वांगी किडतील. वांगी दरवर्षीच किडत, पण काकूला सांगणार कोण?

बाबा तावातावानं छावणीत भांडायला गेले आणि न भांडताच परतले. तिच्या नवऱ्यानं हात जोडून सगळं सांगितलं होतं. त्यांच्याकडे दर्याला, म्हणजे त्यांच्या नदीदेवाला, तांदूळ-साखर वाहतात, तो आपलं मागणं पोचवतो. हिची म्हातारी आई घर सोडायला तयार झाली नाही, कराचीलाच राहिली. इथं उतरल्यापासून ही एक शब्द बोललेली नाही, डोळ्यांतून टिपूसही काढलेलं नाही. पाण्याशी येणं बंद केलं तर ही बसल्या जागी संपेल, अशी त्याला धास्ती होती.

आमची आई एवढंच म्हणाली, "तिले वाहतं पानी पाह्यजे. आपला पाट वांग्यातच जिरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या दोघांना बैलगाडीतून मोर्णेवर नेलं. नदी अर्धवट झोपेत असावी तशी वाहत होती. बाईनं तांदूळ सोडले, दिसेनासे होईपर्यंत पाहिले. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "ये पानी कहाँ जाता है?"

नवरा दचकून तिच्याकडे बघतच राहिला. बाबा म्हणाले, "पूर्णेत जाते. पूर्णा तापीत, अन् तापी समुद्रात."

"कराची के समुंदर में?"

बाबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. मला तर भीतीच वाटली.

"समुद्र का दोन असते, बाई? एकच हाये. जाते तुह्या मायपाशी. टाईम लागते, पण जाते."

ती मटकन काठावर बसली आणि हंबरडा फोडून रडू लागली. नवरा तिला आवरायला धावला, तर आईनं त्याचा हात धरला. मग तोही तिच्याशेजारी बसून रडला. बाबांनी बैल सोडले, त्यांच्यापुढे कडबा टाकला. घरी निघायची कुणालाच घाई नव्हती.