भुवईचा हो, मानेचा हो

शुक्रवारी संध्याकाळी वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला आमच्या घरी चार मराठी टाळकी जमली की चहा उकळेपर्यंत बाकीच्यांचे ऑफिसचे किस्से संपलेले असतात. आयटीवाल्यांचे किस्से असून असून किती असणार? सर्व्हर बसला, सर्व्हर उठला! माझे मात्र संपत नाहीत. मी शेजारच्या पोरिरुआ शहरातल्या एका शाळेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. आमच्या स्टाफरूमबाहेर हरवलेल्या वस्तूंचं एक खोकं आहे. एकेकटे मोजे, एका पायाच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, टोप्या. कोणी न्यायला येत नाही आणि आमच्याने टाकवत नाही. माझ्या किश्श्यांचं तसंच झालंय.

माझा नवरा निखिल म्हणतो, "तुझा प्रत्येक किस्सा 'मी इतकी घाबरले' पासून सुरू होतो." खरंय. टोस्टरमधून ब्रेड वर आला तरी मी दचकते. त्याला इलाज नाही.

तर, मी इतकी घाबरले!

*

शाळेतला पहिलाच दिवस. दुपारी अपूर्णांक शिकवले. पुण्यात बी.एड.ला शिकवलं होतं त्याप्रमाणे शेवटी विचारलं, "समजलं?"

अख्ख्या वर्गाने एकदम भुवया वर उडवल्या. तोंडातून शब्द नाही.

मला वाटलं, मी काहीतरी भयंकर बोलून गेले! घाईघाईने पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. "आता?" पुन्हा भुवया. मग मी डब्यातलं सफरचंद काढलं, त्याचे अर्धे केले, पाव केले. भुवया! आता रडू फुटणार, इतक्यात पुढच्या टेबलावरची लोसा बोलली. लोसा सामोअन. दोन घट्ट वेण्या आणि आवाज एखाद्या अनुभवी मावशीसारखा.

"मिस, आम्ही मघापासून हो म्हणतोय. आता सफरचंद खाऊ का?"

सामोआसारख्या इथल्या पॅसिफिक बेटांवरच्या लोकांमध्ये भुवई उडवली की झाला होकार. हे बी.एड.च्या अभ्यासक्रमात नव्हतं! जीव भांड्यात पडला आणि मी आपली मान डोलावली. आपण डोलावतो तशी, डावीकडे-उजवीकडे, गोलसर.

वर्गाचे चेहरेच पडले. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस नाही का म्हणतेय? आधी कापलं कशाला मग?"

*

वेलिंग्टनच्या आसपासची जमीन अधूनमधून हलते, म्हणून शाळेत भूकंपाचा सराव असतो. नियम असा, की घंटा झाली की बाईंनी शांत आवाजात सूचना द्यायची आणि मुलांनी टेबलाखाली जायचं.

घंटा झाली. सूचना वगैरे काही नाही, मी थेट टेबलाखाली. सगळ्यांच्या आधी!

लोसाने वाकून आत बघितलं. "मिस, आम्हाला जागा आहे का?"

ही बातमी मधल्या सुट्टीच्या आधी स्टाफरूममध्ये पोचली. सगळे हसले. शेजारच्या वर्गाच्या डॉनाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या अमेरिकन. तिकडच्या एका मोठ्या शहरात, गरीब वस्तीतल्या शाळेत अख्खी नोकरी काढली आणि मग मुलीच्या मागोमाग इकडे आल्या. माझ्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडेही सराव असायचा. दिवे बंद, दार आतून बंद, आणि पहिलीतल्या पोरांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा. इथे सराव जमिनीसाठी आहे. तिकडे बंदूक घेऊन येणाऱ्या माणसासाठी होता."

मी साखरेचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

"त्यामुळे तू खुशाल टेबलाखाली जा," त्या साखर ढवळत म्हणाल्या. "मला बघून बरं वाटतं."

*

मी त्यांना एकदा न राहवून विचारलं, "इतका श्रीमंत देश, आणि शाळांमध्ये एवढा फरक कसा हो?"

त्यांनी समजावलं, की तिकडे शाळेचा बराचसा पैसा त्या त्या भागातल्या घरांच्या टॅक्समधून येतो. घरं दिमाखदार तर शाळा दिमाखदार. घरं गळकी तर शाळाही गळकी. "आमच्यापासून गाडीने जेमतेम दहा मिनिटांवरच्या शाळेत स्विमिंग पूल होता. आमच्या वर्गात छताखाली बादल्या. म्हटलं तर पाणी दोन्हीकडे होतं!"

मी जरा ऐटीतच म्हणाले, "इथे तसं नाही ना. इथे सरकार सगळ्यांकडे बघतं."

डॉनाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हो का? मंगळवारी पोहायच्या तासाला जरा नीट बघ."

*

मंगळवारी आमच्या दोन्ही वर्गांचा पोहण्याचा तास. पोहण्याच्या कपड्यांना इथे टॉग्ज म्हणतात. माझ्या वर्गातला मातिऊ दर मंगळवारी टॉग्ज विसरायचा आणि काठावर बसून पाय हलवायचा. मी पडले पुणेरी बाई! बेशिस्त म्हणजे काय! घरी कळवायला फोन उचलला.

आमच्या उपमुख्याध्यापिका रेवा, मी मनातल्या मनात त्यांना रेवाताईच म्हणते, इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी आहेत. उंच, धिप्पाड, आणि कॉरिडॉरमधून जाताना कायम काहीतरी गुणगुणणाऱ्या. त्यांनी माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"विसरायला आधी असावं लागतं, पोरी."

पुढच्या मंगळवारी त्या एक भलीमोठी टोपली घेऊन काठावर आल्या आणि ओरडल्या, "चुकून जास्त टॉग्ज धुतले गेलेत! कोणीतरी घालून ओले करा रे, म्हणजे मला पुन्हा धुवायला कारण मिळेल!" मातिऊने काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे उचलले आणि तो जो पाण्यात गेला तो शिट्टी झाल्यावरही बाहेर यायला तयार नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सगळ्यात आधी लोसाचा हात वर. "मिस, मी टॉग्ज विसरले." तिच्या पिशवीतून तिचे निळे टॉग्ज मला सरळ सरळ दिसत होते! तिच्यामागोमाग तिची मैत्रीण विसरली. मग अर्धा वर्ग विसरला. कोणाकडे खरंच नाहीत आणि कोण विसरलंय, हे त्या दिवसापासून कोणालाच कळेनासं झालं.

रेवाताई रिकाम्या टोपलीकडे बघत म्हणाल्या, "फार विसरभोळा वर्ग आहे तुझा. देव त्यांना असंच ठेवो."

*

याच लोसाचं गणित म्हणजे अजब प्रकरण. मी फळ्यावर लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार. अडचण एकच. सकाळी गणिताचा तास व्हायचा आणि लोसा तो संपता संपता उगवायची. तिची आई पहाटेच्या शिफ्टला जायची. आजोबा रात्रभर सिक्युरिटीची ड्यूटी करून तेव्हा कुठे झोपायचे. धाकट्या दोघांना उठवणं, भरवणं, बालवाडीत सोडणं हे सगळं लोसाकडे. मग ती पळत पळत शाळेत. पावसात तर वेण्यांमधून पाणी निथळत असायचं.

मी रेवाताईंकडे गेले. "तिच्या आईशी बोलू का? शिफ्ट बदलून मिळेल का त्यांना?"

"तिच्या आईची शिफ्ट बदलणं तुझ्या हातात आहे?"

"नाही."

"गणिताची?"

गणित जेवणानंतर गेलं! वर्गाने केवढी बोंब मारली. "मिस, जेवल्यावर झोप येते!" लोसा पेन्सिलीला टोक काढत म्हणाली, "मला नाही येत."

*

मग आली शाळाशाळांमधली गणिताची स्पर्धा. तिघांचा संघ. शहरातल्या एका बड्या शाळेत, आणि तीही सकाळी नऊ वाजता! मातिऊ आणि लोसाची मैत्रीण तयार होते. लोसाने नाव द्यायलाच नकार दिला. "मिस, धाकट्यांना कोण सोडणार?" जणू मलाच समजावत होती.

मला रात्रभर झोप नाही. ही मुलगी काय आहे हे पोरिरुआबाहेर कोणाला तरी कळायला नको? शेवटी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. फाटकाशी कुत्रा भुंकला, मी किंचाळले, कुत्रा घाबरून आत पळाला. दाराबाहेर चपलांचा ढीग. मीही काढल्या. आपल्यासारखंच की, म्हणून जरा धीर आला. आत आजोबा खुर्चीत, कामाला निघायच्या आधी गणवेशाच्या शर्टाची बटणं लावत होते. पांढरेशुभ्र केस, डोंगरासारखा माणूस. मी सुरू झाले ते थांबेच ना. लोसाची बुद्धी, स्पर्धा, ही संधी, हवं तर धाकट्यांना मीच सोडते, हवं तर निखिलला पाठवते! आजोबा गप्प. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आजोबा गप्पच. मी ओढणीत डोळे पुसणार, तेवढ्यात लोसा स्वयंपाकघरातून बोलली.

"मिस, ते केव्हाच हो म्हणाले. तुम्ही नाव सांगितलं ना स्वतःचं, तेव्हाच!"

मी खालमानेने बोलत होते. भुवया कुठून दिसणार!

निघताना आजोबांनी नारळाच्या दुधात शिजवलेल्या अरवीचा डबा माझ्या हातात दिला. मी आभार मानत मान डोलावली. लोसाचा धाकटा भाऊ खो खो हसला आणि त्याने हुबेहूब माझ्यासारखी मान डोलावली. "आमच्या घरात आता सगळेच असं करतात," लोसा म्हणाली. "मीच शिकवलं."

गाडीत मी डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला बेल्ट लावला. रात्रभर जागणारा माणूस सकाळची झोप सोडणार होता, आणि डबा मात्र मला मिळाला होता.

*

स्पर्धेत आम्हाला मिळालेला तिसऱ्या नंबरचा छोटासा कप आता हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यावरच्या फळीवर आहे. तो बघितला की मला हॉलमधला तो गालिचा आठवतो. इतका मऊ, की आमची पोरं बूट वाजवायला गेली तर आवाजच येईना! समोरच्या संघांचे एकसारखे कोट. आमच्या तिघांपैकी दोघांचे बूट रेवाताईंच्या टोपलीतून आलेले. मागच्या रांगेत रेवाताई, डॉनाबाई, आणि ड्यूटीवरून घरी जाऊन, न झोपता तसेच आलेले आजोबा, गणवेशातच, दोन्ही मांड्यांवर एकेक धाकटं घेऊन.

शेवटचा प्रश्न आमचा. बरोबर आला तर तिसरे, नाहीतर रिकाम्या हाताने घरी. बो टाय लावलेले परीक्षक वाचायला लागले, "पाऊणच्या एक तृतीयांशाचा अर्धा किती?"

"एक अष्टमांश," लोसा म्हणाली. पण त्या मावशीच्या आवाजाचा अगदी धागा उरला होता.

नियम असा, की परीक्षक 'नक्की?' असं विचारणार आणि खेळाडू हो म्हणाला तरच उत्तर धरणार. आणखी एक नियम, की शिक्षकांनी तोंड उघडलं तर संघ बाद. मी ओठ दातांत धरून बसले होते.

"नक्की?" परीक्षकांनी विचारलं.

लोसाच्या तोंडून शब्द फुटेना. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. डावीकडे-उजवीकडे, गोलसर. अस्सल पुणेरी!

परीक्षक गोंधळले. "म्हणजे नाही? उत्तर बदलायचंय?"

लोसाने आणखी जोरात डोलावली. वेण्या उडाल्या.

"मी हे 'नाही' असं धरू का?"

बोलायची सोय नाही! मी परीक्षकांच्या डोळ्यांत बघितलं आणि होत्या नव्हत्या तेवढ्या भुवया वर ताणल्या.

"बाई, तुम्हाला कसलं आश्चर्य वाटतंय?" परीक्षक म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतली खुर्ची करकरली. आजवर माझ्याशी एक शब्दही न बोललेले आजोबा, दोन्ही नातवंडं कडेवर घेऊन उभे राहिले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"साहेब, दोघीही हो म्हणतायत!"