बहिष्कार नवऱ्याचा, पद बायकोचं

"एक रुपयाही कोणी भरायचा नाही!" ग्रामसभेत विष्णूभाऊंनी टेबलावर हात आपटला. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माजी सरपंच दत्ताभाऊंच्या. खऱ्या सरपंच म्हणजे विष्णूभाऊंच्या बायको, शोभाताई. त्या शेजारी बसल्या होत्या. मी गावची ग्रामसेविका, सभेचं प्रोसिडिंग लिहीत होते.

गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडजवळचं, भांडण घरपट्टीचं. आधी ती घराच्या चौरस फुटांवर बसायची. नियम बदलला आणि जागेची सरकारी किंमत, बांधकाम कच्चं की पक्कं, घर की दुकान, हे सगळं हिशोबात आलं. रोडला लागून टिनाच्या दोन खोल्या असलेल्याचीही पट्टी वाढली. लोकांचा राग खोटा नव्हता. मलाही पटत होता.

आठवडाभरात दत्ताभाऊ ऑफिसात आले आणि मुकाट पट्टी भरून मोकळे झाले.

"भाऊ, बहिष्काराचं काय?" मी विचारलं.

"थो विष्णूचा हाय ना, मॅडम," म्हणाले आणि हसत गेले.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या टाळ्यांमागचा डाव आता कळला. बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर पंचायतीचा सदस्य अपात्र ठरतो. सरपंचही. विष्णूभाऊंचं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं आणि मुदत संपत आली होती.

मी विष्णूभाऊंना गाठलं. हे गृहस्थ सही सोडून सगळं सरपंचपण स्वतःच करायचे.

"काही होत नाही. मी पाहून घेतो."

"अहो, तुमचं काही होणारच नाही! पद जाईल ते ताईंचं."

"मंग आता भरू? गाव थुंकन माह्या तोंडावर."

तेही खरंच होतं. मग मी सरळ मळ्यात गेले. ताई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सगळं ऐकून घेतलं, पण हात थांबले नाहीत.

"भाषण केलं त्याहिनं, आन् पद जाईन माहं?"

"हो."

"मंग मीच भरीन. पण चोरून नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिस माणसांनी भरलेलं असताना त्या आल्या. मागून विष्णूभाऊ धावत आले. "काऊन नाक कापून राह्यली माहं?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पट्टी भरली आणि लोकांकडे वळल्या. "मी भरली. ज्याले आपलं बिल चुकीचं वाटते त्यानं अर्ज द्या. घर पुन्हा मोजाले लावीन."

"फितूर!" मागून कोणीतरी ओरडलं. मला फार वाईट वाटलं. त्या मात्र अर्ज घेत बसल्या.

पुन्हा मोजणी केली तेव्हा टिनाची बरीच घरं पक्की म्हणून नोंदलेली निघाली. त्यांची पट्टी उतरली. बाकीच्यांची नाही उतरली, कारण नियम काही पंचायतीच्या हातात नव्हता.

ताईंना अपात्र ठरवा असा अर्ज दत्ताभाऊंच्या माणसाने बुलढाण्याला कलेक्टरकडे केलाच. कर मुदतीत भरलेला, म्हणून तो फेटाळला गेला. कलेक्टर ऑफिसातून बाहेर येताच विष्णूभाऊ भेटेल त्याला सांगू लागले, "मीच म्हटलं होतं तिले, भरून टाक म्हणून."

ताईंनी ते ऐकलं. मला म्हणाल्या, "मॅडम, उद्यापासून सरपंचाच्या खुर्चीवर मी बसीन. त्याहिले बाजूची द्या."

नव्या सरपंचबाईंना मी आता पहिल्याच दिवशी सांगते: भाषण यजमानांना करू द्या हवं तर, पण घराचं बिल स्वतः वाचा. अपात्रतेच्या आदेशात भाषण कोणी केलं ते लिहीत नाहीत, नाव तुमचं असतं.