टाकीवरचा नवा दिवा

शशिकांत गेला त्याला सात महिने झाले, तेव्हा त्याच्या टाकीवरची दुसरी ट्यूबही फडफडायला लागली. दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. आत खडक, दोन नारिंगी मासे आणि ते ज्यात शिरून बसत तो फुलासारखा जीव, समुद्रफूल. उजेड कमी झाला तसं ते फूल तपकिरी पडलं, लांबट झालं आणि काचेवरून वर सरकायला लागलं.

दत्तात्रय मुजुमदार हे शशिकांतचे वडील. कृषी मंत्रालयातून निवृत्त झालेले. टाकीला ते कायम ‘डबकं’ म्हणत. मे महिन्यातल्या एका रविवारी वीज गेली, तेव्हा इन्व्हर्टर टाकीला जोडलेला पाहून ते ओरडले होते, “माणसं उकाड्यात शिजताहेत आणि तुझे मासे मजेत!” शशिकांतने वायर तशीच राहू दिली. त्याच आठवड्यात, गुरुवारी, नोएडाच्या ऑफिसात तो खुर्चीतच कोसळला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

आता फुलाची ही अवस्था पाहवेना, म्हणून दत्तात्रय मेट्रोने लाजपतनगरच्या दुकानात गेले.

“अंकलजी, टँक कितना गहरा है?” दुकानदाराने विचारलं.

“दो फुट.”

“अंदर क्या रखा है?”

समुद्रफुलाचं नाव ऐकताच त्याने स्वस्तातला दिवा बाजूला सारला. तळापर्यंत पोचेल असा दुसरा काढला. त्यातला निळा नि पांढरा प्रकाश वेगवेगळा कमी-जास्त करता येत होता. “पर धीरे-धीरे बढ़ाना,” तो म्हणाला.

दत्तात्रयांनी मान हलवली, पण मनात काही वेगळंच चाललं होतं. इतके महिने उपाशी ठेवलं, आता पोटभर मिळू दे. घरी येऊन त्यांनी दिवा पूर्ण लावला. पाणी लख्ख झालं. सकाळी दहा ते रात्री दहा, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी फूल मुठीएवढं आक्रसलं होतं, पांढरंफटक. मासे त्याच्याभोवती नुसते घिरट्या घालत होते. ऑफिसातून आलेली सून लतिका पर्स खांद्यालाच ठेवून टाकीसमोर थांबली.

“बाबा, किती टक्क्यांवर लावलाय?”

“शंभर.”

तिने आधी दिवा बंद केला. मग म्हणाली, “त्याच्या अंगात बारीक शेवाळं असतं. उजेडावर तेच त्याला अन्न करून देतं. एकदम एवढा उजेड पडला की फूल ते शेवाळंच बाहेर टाकतं.”

“म्हणजे मीच मारलं.”

“अजून मेलं नाहीये,” लतिका म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी दिवा पाण्यापासून आणखी वर टांगला. वीस टक्के, पाच तास. दर रविवारी पाच टक्के वाढवायचे, फूल आक्रसलं तर मागे यायचं. दत्तात्रय लांब चिमट्याने कोळंबीचा बारीक तुकडा त्याच्या तोंडाशी धरत. पहिले पंधरा दिवस फूल तो तुकडा सोडूनच देई. चाळीस टक्क्यांवर ते पुन्हा आक्रसलं, तेव्हा त्यांनी दिवा दोन आठवड्यांपूर्वीच्या आकड्यावर आणला. घाई करायचं धाडस आता त्यांना होत नव्हतं.

अशाच एका रविवारी दिव्याचा आकडा वाढवून ते स्टुलावर बसले.

“लतिका, त्या दिवशी मी जे बोललो... शशी नंतर काही म्हणाला का?”

“खरं सांगू?”

“खरंच सांग.”

“राग होता त्याला. बुधवारी रात्रीही होता. ‘बाबांनी एकदा तरी नीट बघायला हवं होतं,’ म्हणाला.”

दत्तात्रयांनी चष्मा काढून हातात धरला.

“बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले. “लोक मला सांगतात, तो विसरला असेल. मला ते पटत नव्हतं.”

लतिका त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. शशिकांतबद्दल ती दोघं पहिल्यांदाच एवढं बोलत होती. दिवेलागण होईपर्यंत बोलत राहिली. त्याच्या शाळेबद्दल, त्याच्या हट्टाबद्दल.

पासष्ट टक्क्यांवर फुलाच्या टोकांना पुन्हा रंग चढला. दुकानदाराने प्रकाश मोजायचं यंत्र उसनं दिलं, आकडे फोनवर ऐकले आणि म्हणाला, “बस, अब यहीं छोड़ दो.” त्यांनी दिवा तिथेच ठेवला. फूल पहिल्याएवढं मोठं मात्र झालं नाही. थोरला मासा त्यात परत शिरला तेव्हा दत्तात्रय काचेपाशी वाकून होते. तो बाहेर येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.